पंचविसावी जाळी

प्रणोती मेश्राम अकोल्याहून आली,
तिच्या बॅगेत पिशव्यांच्या चोवीस कापट्या,
एकेक नायलॉनच्या जाळीत शिवलेली, लाल दोऱ्याची खूण.
"मावशी, हे खतात पुरायचं. दर पंधरवड्याला दोन काढायच्या,
धुवायच्या, वाळवायच्या, वजन लिहायचं."
मी म्हटलं, "पुरलेलं उकरू नाही, बाई."
ती हसली. काटा मात्र ठेवून गेली,
सोनाराकडं असते तसा, काचेच्या पेटीतला.

शेंदुरजन्याच्या नर्सरीत माझी हयात गेली
संत्र्याच्या कलमांच्या काळ्या पिशव्या भरण्यात.
त्या अजून निघतात फाळाला.
झाड चुलीत गेलं, राख भांड्याला लागली,
अन् पिशवीवरचा मालकाचा फोन नंबर
सहाच्या सहा आकडे वाचता येतो.

ही नवी म्हणे मिसळीची.
अर्धा मका. अर्धं ते दुसरं,
ज्याचं नाव तिनं तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा मी विचारलं नाही.

पहिल्या पंधरवड्यात मका गेला.
जंतूंनी पंगतीतल्या पोरांसारखी
आधी बुंदी उचलली.
उरलेलं उजेडाकडं धरलं:
भोकंच भोकं,
आणि भोकांना धरून बसलेलं काहीतरी.

दुसऱ्यांदा तितकंच. तिसऱ्यांदा तितकंच.
पौषात ढीग निवला होता,
ताप उतरलेल्या कपाळासारखा.
फोनवर ती म्हणाली, "साठ डिग्री हवी.
आधी पाणी त्याच्या साखळ्या तोडतं,
मग जंतू येतात."

ढीग उलटला. ओलं शेण, तुरीचं कुटार,
बागेतली सडकी फळगळ, पऱ्हाटीचा भुगा.
चौथ्या पहाटे वाफ.
लोखंडी सळाख खुपसली, उपसली, हात लावला
आणि खच्चून शिवी हासडली.
आनंदाची.

फाल्गुनातल्या जाळीत माती होती.
गाळली तर चाळणीवर नखाची कोर.
काटा शून्यावर टेकेना, थरथरत राहिला.
"हे संपलं," मी विचारलं, "का नुसतं बारीक झालं?"
"माहीत नाही, मावशी. तेच तर मोजतोय."
एवढी शिकलेली पोर माहीत नाही म्हणाली,
मी तिला लिंबाचं लोणचं बांधून दिलं.

पंचविसावी जाळी माझी होती, तिच्या वहीत नसलेली.
जुन्या काळ्या पिशवीची पट्टी, नंबर होता तिथली.
धुतली. वाळवली. तोलली.
गुंजभरही कमी नाही.
नंबर लावून पाहिला.
हा क्रमांक अस्तित्वात नाही, बाई म्हणाली,
आणि म्हणतच राहिली.