बोनेटवरचा चहा

मंठा चौफुलीला, दुपारी दीडच्या उन्हात,
गाडी आली ती कळलीच नाही.
आधी दुकानात सावली शिरली,
मग हनीफ ड्रायव्हर,
मग झुंबरशेठ.

लेक्सस.
अख्ख्या जालन्यात कुणी लक्सस म्हणतं, कुणी लक्ष्मस,
शेठ नुसतं म्हणतात, "जपानची."
मागच्या सीटला नातवानं कंपास टोचून
वीतभर चीर पाडलेली.
"पुण्याला धाडली तर पंधरा दिवस जातील, कुंडलिक.
तूच बघ."

मी चामड्यावरून हात फिरवला. उजवा.
टाके मोजले. बोटभर जागेत सात,
पुढच्या बोटभर जागेतही सातच.

शेठ बोलत होते. शेठ मोठ्यानंच बोलतात.
चाळीस वर्षं रोलिंग मिलमध्ये लाल सळईच्या शेजारी उभं राहून
दोन्ही कान तिथंच भंगारात गेले.
"ही माणसं मूळची माग बनवणारी, बरं का,
कापडाचे माग.
एक दोरा तुटला की अख्खा माग आपोआप थांबायचा.
पुढं मोटारी.
मग त्र्याऐंशीत मालकानं विचारलं,
जगातली सगळ्यात चांगली गाडी आपल्याला जमेल का?
सहा वर्षं खपले. अमेरिकेत उतरवली.
जाहिरातीत बोनेटवर काचेच्या पेल्यांचा मनोरा रचला
आणि चाकं पळवली, सुसाट.
थेंब नाही सांडला!
पुढं मागच्या दिव्यात खोट निघाली,
तर घरोघर जाऊन गाड्या नेल्या,
धुऊन, टाकी भरून परत केल्या."

"एक दोरा तुटला की थांबायचा?" मी विचारलं.
शेठना ऐकू गेलं नाही.

हनीफ हळूच म्हणाला,
"काच लावली की जालना बंद, चाचा.
पहिल्या दिवशी सिग्नलला वाटलं, बंद पडली,
नोकरी गेली आपली.
तर ही बॅटरीवर गप उभी.
एकटा असलो की मी काच खाली घेतो.
झोप लागती नाहीतर."
अंबड रोडच्या गतिरोधकाला मात्र पोट घासतं,
हे त्यानं शेठना अजून सांगितलेलं नाही.

शेठनी चहा मागवला.
स्टीलचा पेला बोनेटवर ठेवला, काठोकाठ.
"चालू कर."
आणि वाकून चहाकडं बघत राहिले,
दूध उतू जाईल म्हणून बाई बघते तसे.
साय हलली नाही.
"केली का चालू?"
"केली, शेठ."
"मला हिचं गप बसणं असं बघावं लागतं," ते म्हणाले,
आणि पहिल्यांदाच हळू बोलले.

मग आठवलं त्यांना:
तिथले कारागीर कागदाची मांजर करतात,
डाव्या हातानं, दीड मिनिटात.
जमली तरच गाडीला हात लावू देतात म्हणे.
खिशातून वजनकाट्याची पावती काढली,
"कर बरं तू!"
आणि नजर माझ्या डाव्या हातावर आली.

सत्त्याण्णव. दोन नंबरचा स्टँड. दोन बोटं.
मी ओरडलो होतो.
शेठ सहा हातांवर उभे होते, पाठमोरे.
मिल चालूच राहिली, सळई संपेपर्यंत.
त्यांचे कान तेव्हाच गेले होते का,
एवढं मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पावती काउंटरवर राहिली.
मी सात-सात टाके घातले. दिवस मावळला.
चौदाशे झाले, दोन हजार दिले,
सहाशे मी हनीफच्या हातात कोंबले, "मालकाला दे."

गाडी गेली तीही कळली नाही.
पेला उतरवला होता का, म्हणून
मी रस्त्यापर्यंत पळत गेलो.
पेला पायरीवर होता. चहा तसाच, गार.

रात्री शटर अर्धं ओढून
ती पावती तीन बोटांनी दुमडत बसलो.
पाठ जमली. शेपटी जमली.
दीड मिनिट कधीच उलटून गेलं होतं.
कान काही उभे राहिले नाहीत.