नाव माहीत नसताना

तुओमोचा फोन आला तेव्हा मी ट्रकात होते,
पुढचं पातं खाली, सोत्कामोच्या रस्त्यावर,
पहाटेचे चार.
म्हणाला, इर्या, त्या दिवशी तूच वाच काहीतरी.
देवाबिवाचं नको,
पण हिल्काला लागणार नाही इतपत असू दे.
आणि लांबण लावू नकोस, सूप गार होतं.

मी विचारलं, नाव काय ठेवताय?
तो नुसता हसला.
आमच्याकडे नाव त्या दिवसापर्यंत सांगत नाहीत,
आईबापांच्या दातांमागे असतं ते, दहा आठवडे.
आत्यालाही नाही.
तोवर बाळ म्हणजे मनुका.
जन्मलं तेव्हा दिसतही तसंच होतं.

लायब्ररीतून एकवीस पुस्तकं आणली.
काउंटरवरच्या पोराने माझ्या बाहीवरचं ग्रीस पाहिलं
आणि न मागता एक पिशवी दिली.

मागे खडी भरून होईपर्यंत
केबिनच्या दिव्याखाली मी कविता वाचायचे.
काय सांगू, सगळ्यांत पंख.
अहो, त्या बाळाने अजून मान धरलेली नाही!
एकीत त्याची नदी केलेली, एकीत पणती,
एकीत तर आख्खं जहाज, शिडांसकट.
तुला हे मिळो, तुझं ते होवो,
एका पानावर अठरा ‘होवो’ मोजले मी.
लॉटरीच्या दुकानातही इतकी आशा नसते.

एक चांगली होती. खरंच चांगली.
आठव्या ओळीत ‘तू आमचं पहिलं’ आलं
आणि मी पुस्तक मिटलं.

कारण पहिलं नाही ते.
सहा वर्षांपूर्वीही एक नाव होतं
त्या दोघांच्या दातांमागे.
ते कुणालाच ऐकू आलं नाही.
दगडावर फक्त आडनाव आहे,
आणि तारीख, एकच.
दर हिवाळ्यात तिथली वाट मी फावड्याने काढते,
ट्रक आत जात नाही.
साइला त्यावर कधी बोलली नाही.
एकदा फक्त लोकरी मोजे विणून दिले,
बरोब्बर माझ्या मापाचे.

गुरुवारी हातमोजे शोधताना
कामाची वही हाताला लागली.
सतरा जानेवारीचं पान. अक्षर माझंच, गचाळ.

शनिवारी, सूपाच्या आधी, मी उभी राहिले
आणि तेच वाचलं:

रात्री साडेअकरा. उणे अकरा. बर्फ बारीक, वारा उत्तरेचा.
बारा दहा. हॉस्पिटलची चढण, एक फेरी.
एक वाजता पुन्हा तीच. भरून आली होती.
दोन वीस. पुन्हा तीच.
ऑफिसातून विचारणा, तिथेच का घुटमळतेस?
रेडिओ नीट ऐकू येत नाही, असं कळवलं.
तीन पाच. करडी गाडी वर गेली, मागचा एक दिवा बंद.
तीन सहा. रस्ता मोकळा.

एवढंच. दीड मिनिटही झालं नसेल.
(तो दिवा बदल म्हणून तुओमोला मी दोनदा सांगितलं होतं.)
हिल्का शेजारणीला म्हणाली, ही कविता आहे का गं?
शेजारणीने वेलचीचा पाव पुढे केला.
साइला नाक पुसत होती, बाळाच्याच लाळेऱ्याने.

मग त्यांनी नाव सांगितलं.
दोन होती.
आमच्याकडे दोन ठेवतात, कधी तीन,
एक हाक मारायला, बाकीची सोबतीला.
दुसरं उच्चारताना तुओमोचा आवाज
चढणीवर चाक फिरावं तसा
जरासा मागे घसरला, मग वर गेला.

ते कुणाचं, मी विचारलं नाही.
मनुका जागीच होती, छताकडे डोळे लावून,
दोन्ही नावांचं तिला काहीच नव्हतं.
सूप गार झालंच होतं. तसंच प्यायलो.

सोमवारी पुस्तकं परत केली, वीस.
आठव्या ओळीचं ते एक
मुदत वाढवून ठेवून घेतलंय.