बुचाचा तुकडा

तीन माहितीपत्रकं टेबलावर, मधल्यावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ.
एकाची किंमत खाली, बारीक अक्षरांत.
दुसऱ्याची विचारल्याशिवाय सांगत नाहीत.
तिसऱ्याची मात्र आधीच, मोठ्या लाल आकड्यांत,
काही लपवायचंच नाही अशा थाटात;
धास्ती मला त्याचीच.

बाहेर कास्त्रोच्या खाडीला ओहोटी लागली आहे.
लाकडी खांबांवरची घरं चिखलात उभी,
हिरडी मागे सरकल्यावर मुळं दिसतात तशी.
(हे मी कुणाला बोलून दाखवत नाही.
दातांच्या डॉक्टरने उपमा देऊ नयेत,
लोकांची जेवणं बिघडतात.)

पुएर्तो मोंतहून फेरीने आलेला रोहेलियो
पेटीतून यंत्र काढतो, दुपट्यातून तान्हं काढावं तसं.
दहा वॉट, म्हणतो. रंगीत पडदा. अठरा तयार कार्यक्रम.
मी विचारते, तीन वर्षांनी बॅटरी गेली तर?
तो तरंगलांबी सांगतो.
मी विचारते, टोकं कितीला पडतात,
आणि वादळात फेरी बंद असली की कोण आणून देतं?
तो हसतो.
दाखवायचे दात. सवयीने मी ते मोजते.
वर डावीकडे एक कॅप, कुणीतरी मन लावून बसवलेली.

दहा वॉटचं मी काय करू?
हिरडीला एक पुरतो, हट्टी असली तर दीड.

रात्री वही काढते.
फिटांच्या गोळ्यांनी एलियासर बाआमोन्देच्या हिरड्या
दातांवर चढत चालल्यात, भरतीसारख्या;
सॅमनच्या कारखान्यात तो मास्क काढत नाही,
जेवायच्या सुट्टीतही नाही.
त्याच्यासारखे महिन्याला चार. जिभा एक-दोन.
ओठाच्या आतली गाठ, कधीतरी.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
इतरांचं नसेल भरत.
माझं, जागेचं भाडं, इसाउराचा पगार,
सगळं त्यावरच चाललंय.

शेवटी घेतला तो तेमुकोच्या एका निवृत्त डॉक्टरचा.
चार वर्षं वापरलेला, पडदा नाही, तीन बटणं,
एकावरचा आकडा बोटांनी पुसून गेलेला.
सोबत त्यांच्या हातची चिठ्ठी:
‘घाई केलीत तर करपतो. टेकवू नका, फिरवत राहा.’
चष्मे मात्र नवे, तिघांचे तीन.
डोळ्यांत काटकसर नाही.

टोक आधी जागं करावं लागतं.
इसाउरानं नव्या वर्षाच्या बाटलीचं बूच जपून ठेवलं होतं,
त्याचा तुकडा कापून दिला.
मी टोक त्यावर टेकवलं, काळं होईपर्यंत.
कोरं टोक नुसता उजेड सांडतं,
कापतं ते जळून काळं झालेलं.
खोलीत क्षणभर वाइनचा वास,
मग नुसता धुराचा.

पहिला आला अमारो, सहा आठवड्यांचा,
किंचाओ बेटावरून, सकाळच्या बोटीने.
त्याची आई नेल्दा बाहीनं छाती झाकून बसलेली,
बोंडं चिरलेली, बोलायची लाज.
उचलली जीभ लावली टाळ्याला,
हे आपण कुणाला झापायचं असलं की म्हणतो.
अमारोला ते एकदाही जमलं नव्हतं.
जिभेखाली पांढरा पातळ पडदा, होडीच्या दोरासारखा ताणलेला.

इसाउरानं डोकं धरलं, इवल्या डोळ्यांवर पट्टी.
अर्धं मिनिट, फार तर.
रक्ताचा एक ठिपका, तोही मला हवा होता म्हणून दिसला असेल.
तो जो काही ओरडला,
त्याच्या तोंडात जीभ वर गेलेली मी पाहिली,
एकदा, आणि परत.

दार लोटून मी हात धुतले.
बाहेर ओल्या रेनकोटांच्या रांगेत
कुणी बोलत नव्हतं;
पिण्याचा आवाज येत होता,
घाईचा, मधेच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा.

वहीत हप्त्यांच्या रकान्याशेजारी मी एक उभी रेघ ओढली.
एलियासरला गुरुवारी बोलावलंय.
बुचाचा उरलेला तुकडा
इसाउरानं कापसाच्या डबीत ठेवलाय,
पुरेल अजून काही दिवस.