वेचायला काही नाही

विहिरीमागची ही पट्टी.
माडांनी, पोफळींनी
वरचं आभाळ शिवून टाकलेलं.
अबोली लावली, ती रुसली.
तगर उजेड शोधत
नुसती उंच होत गेली, कळीविना.

मग दापोलीहून एस्टीने,
मांडीवर पिशवी धरून आणली
क्रोटनची दोन रोपं,
आणि एक जांभळ्या पोटाच्या पानांचं,
ज्याचं नाव नर्सरीवाल्याने दोनदा सांगितलं
नि मी आंजर्ल्याच्या खाडीपर्यंत दोनदा विसरले.

मुळांशी सोडणं पसरली.
पाटाचं पाणी बेताबेताने वळवलं.

पहाटे परडी घेऊन निघालेली
मयेकरांची शालन कुंपणाशी थबकायची:
"एक फूल नाही गो तुझ्याकडे.
देवाला काय वाहशील?"
तिच्या दारची जास्वंद
आठाच्या आत ओकीबोकी.

माझ्याकडे वेचायला काही नाही.
म्हणून भर आषाढात,
दुपारी दिवा लावावा लागतो तेव्हाही
खिडकीतून दिसत राहतो
तो पिवळा, तो जांभळा,
जिथला तिथे.

काल शालन आली,
परडी पाठीशी धरून.
"एक फांदी देशील?
आमच्याही मागीलदारी ऊन येत नाही."

दिली, जांभळीची.
नाव विचारलंन.
मी म्हटलं, लाव तर आधी.