झाकण

मुलाखतीत मी एकच प्रश्न विचारला.
बाकीचे कार्डिफहून आलेल्या दोघांनी विचारले,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता वगैरे.
मी म्हटलं, बाहेरच्या चेंबरचं लोखंडी झाकण
एकटीला उचलता येईल?

मॅरेड म्हणाली, माहीत नाही. आत्ता बघू का?

आणि उसने आणलेले ते काळे बूट घालूनच
चिखलात उतरली.
मी आकडा दिला. दोन झटके फुकट गेले,
तिसऱ्याला झाकण हललं,
आतून तो वास आला, ओल्या खिळ्यांचा.
तिनं नाक मुरडलं नाही, वाकून पाहिलं.
कार्डिफवाले छत्रीखाली काहीतरी लिहून घेत होते.

पुढचं कळत गेलं थर्मासमधल्या चहाबरोबर, घोटाघोटानं.
दोन पदव्या. प्रबंध समुद्रातल्या गवतावर.
(इथून समुद्र तीस मैल,
आणि गवत जेवढं आहे तेवढं मेंढ्यांच्या पोटात.)
ब्याऐंशी अर्ज. त्यातल्या साठांना उत्तरच नाही.
एका जागेला अनुभव हवा तीन वर्षांचा,
जागा शिकाऊ उमेदवाराची.
मादागास्करला कासवं मोजायचं काम मिळत होतं,
फक्त पगार तिनंच त्यांना द्यायचा होता.
मग पावाच्या कारखान्यात रात्रपाळी, दोन हिवाळे.
आई शेजारणीला सांगायची, पोरगी पर्यावरणात आहे.
पहाटे पोरगी यायची ती भुवयांपर्यंत पिठात.

आमचं पर्यावरण हे असं:
डोंगरातून एक पाइप, त्यातून येणारं तांबडं पाणी.
पायऱ्यांवरून आपटत खाली येतं, हवा खातं,
चार तळ्यांत गाळ टाकतं,
मग लव्हाळ्यांतून चालत ओढ्याला मिळतं.
आम्ही बाटल्या भरायच्या. आकडे लिहायचे.
आत येताना लोह अडतीस. बाहेर जाताना दीड.
सोमवारी. गुरुवारी. नाताळात गुरुवार आला तरी.

पहिल्या महिन्यात एकदा म्हणाली,
एम्लिन, मला वाटलं होतं मी काहीतरी वाचवेन.
मी म्हटलं, बाटलीचं बूच नीट लाव.

ऑक्टोबरात तिनं हाक मारली, अशी की मी धावलो,
गुडघा विसरून.
शेवटच्या तळ्याच्या तोंडाशी दगड उलटा धरून उभी.
दगडाला चिकटलेली एक अळी,
जी वाळूचे कण जोडून अंगाभोवती घर बांधते.
हिनं बांधलं होतं कोळशाच्या चुऱ्याचं.
काळं, चकचकीत, तांदळाएवढं घर.
मॅरेडनं लॅटिन नाव सांगितलं, मी लगेच विसरलो.
त्या दगडाकडे बघताना मात्र
माझ्या घशाशी काहीतरी आलं, ते सांगावंच लागलं:

की हे पाणी मुळात असं नव्हतं.
खाण बंद झाली, पंप थांबले,
खालच्या अंधारात ते अकरा वर्षं चढत राहिलं,
आणि एका रविवारी प्रार्थनाघराच्या अंगणात
टोमॅटोच्या सूपासारखं वर आलं.
की पंप ज्या पाळीनं थांबवले, त्या पाळीत
मी होतो. पंचविशीतला.
खटका माझ्याच हाताखाली होता.
खाली उतरून जे काही केलं नऊ वर्षं
त्यात सगळ्यात हलकं काम ते.

तिनं दगड होता तसा, होता तिथे, परत ठेवला.
फार वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, आज गुरुवार.
झाकण राहिलंय.

तिचं कंत्राट मार्चपर्यंत आहे. पुढचं कार्डिफला माहीत.
संध्याकाळी गाडीत बसून ती अजून अर्ज भरते,
पडद्याचा उजेड चेहऱ्यावर,
एक रकाना कोराच ठेवून मला विचारते:
अनुभव. इथे काय लिहू?

मी म्हणतो, वजन लिही.
अठ्ठावीस किलो, एका हातानं.
ती हसते. लिहीत नाही.