पाळीची वही

कसबे डिग्रजच्या मागं, जिथं डांबरी संपते
आणि वेड्या बाभळी सुरू होतात,
तिथं चपला हातात घेऊन
त्रिशलाकाकू माझ्या पुढं चालते.
"इथं अडसाली ऊस होता," म्हणते,
"माणूस शिरला तर दिसायचा न्हाई."
आता घोटाभर पाणी, कडेला खाराचा पापुद्रा,
पाणकणसं, आणि पाणकणसांच्या आतून
गंजलेलं दार लोटल्यासारखा आवाज.
"जांभळी पाणकोंबडी," मी सांगते.
"असंल. आमच्या फाटकाचा बी असाच."

काका उपसा संस्थेचे पाटकरी.
कुणाच्या रानात किती तास पाणी,
कोण रात्री दारं धरणार,
सगळं वहीत.
ती वही काकूनं मला दिली,
मागची पानं कोरी होती म्हणून.
पुढून: दादू खोत, सहा तास.
आण्णा मगदूम, रात्र.
भरमू चौगुले, नऊ तास, अजून मागतो.
मागून: शेकाट्या, एक्केचाळीस.
थापट्या, तेरा.
टिटवी, दोन. ओरडणं वीसजणींचं.

"मागतील तेवढं सोडलं त्यांनी.
न्हाई म्हणायला येतच नव्हतं माणसाला."
एवढंच बोलते, आणि पायानं
पांढरा पापुद्रा मोडत राहते.
समोर एक शेकाट्या
लाल काड्यांसारखे पाय एकेक उचलतो,
परकर भिजू नये म्हणून
वर धरलेल्या पोरीसारखा.

दुर्बीण तिला जमत नाही.
दोन डोळ्यांत दोन वेगळी तळी दिसतात म्हणते.
मी चाक फिरवते, ती म्हणते थांब.
मी थांबते, ती म्हणते गेलं.
शेवटी उलटी धरते आणि खूश होते:
"हे बरं हाय. सगळं लांब गेलं."

साडेपाच.
तिला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं
आणि पक्षी नेमके मावळतीला येतात.
लग्नाआधीपासूनचा नेम, मोडायचा नाही,
म्हणून डबा बांधावरच आणलाय.
भाकरी, मुगाची उसळ, शेंगाचटणी,
घरून गाळून आणलेलं पाणी.
समोर एवढं तळं पसरलेलं,
आणि ती पदरानं तांब्याचं तोंड झाकते.

तेवढ्यात सहा बदकं उतरतात,
छातीनं पाणी फाडत.
मी घाईघाईनं, "काकू, चोच बघ.
टोकाला पिवळं, मुळाशी लाल ठिपका.
हळदीकुंकू म्हणतात ह्यांना."

घास हातातच राहतो.
संक्रांतीनंतर गल्लीत बायका निघाल्या
की ती आतून कडी लावते,
टीव्हीचा आवाज वाढवते. अकरा वर्षं.
मला माहीत होतं.
बोलून गेल्यावर आठवलं.

"ह्यातली बाई कुठली?"
"कळत नाही गं. दोघं सारखीच.
नराला पण असतं."
"नराला पण?"
"हो."
"आणि त्यो मेला तर तिचं?"
"चोच आहे ती, काकू. पुसणार कोण?"

आधी नाकातून हसते.
मग ठसका लागेपर्यंत,
मग भाकरीचा तुकडा पाण्यात पडेपर्यंत.
सहाच्या सहा उडतात, मागोमाग शेकाट्या,
टिटवी सगळ्या शिवाराला सांगत सुटते,
आणि माझी मोजणी
होती तिथंच मोडते.

मिरजेकडचे दिवे लागलेत.
वहीत मी लिहिते: हळदीकुंकू, सहा.
"गेली की गं सगळी," मी म्हणते.
"येतील. अंधार पडू दे."
हात पदराला पुसून ती पेन मागून घेते,
वही गुडघ्यावर ठेवते,
आणि सहाच्या पुढच्या रकान्यात,
काका काढायचे तसं लांब शेपटाचं र काढून,
लिहिते: रात्र.