विध्यर्थ

शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा,
गॅरेजांच्या मागचा बसथांबा.
जुलै. दुपारचे तीन वीस.
लोखंडी बाकाचं तापमान एकसष्ट अंश.
बाकावर माणसं : शून्य.
दिव्याच्या खांबाच्या सावलीत : नऊ.
एकाच्या पाठीला दुसऱ्याची छाती,
वीतभर रुंद काळ्या पट्टीवर
रेघ सोडायची नाही असं बजावल्यासारखी.
सूर्य ढळतो तशी सगळी रांग
अर्ध्या अर्ध्या पावलानं सरकते.

इथवर सगळं ठीक.
तापमापकाला माझं नाव माहीत नाही,
कुणीही मोजलं तरी एकसष्टच येईल.

पण समितीच्या खोलीत, एकवीस अंशांवर,
शाल पांघरून बसलेल्या डॉक्टर हनान
चष्मा काढून शांतपणे विचारतात :
याच नोंदी दुसऱ्या कुणाला दिल्या,
तर हेच बाक निघेल का?
नाही.
दहाजणांना दिल्या तर?
दहा बाकं निघतील.
मग याला शास्त्र का म्हणायचं?

मला सांगोल्याच्या शाळेतल्या कोळेकर बाई आठवल्या.
खडूनं फळा ठोकत म्हणायच्या,
क्रियापदाच्या शेपटाला वा-वी-वे दिसलं
की डोळे मिटून लिहा : विध्यर्थ.
बाक तापतं, हा स्वार्थ.
बाक बसवा, हा नगरपालिकेचा आज्ञार्थ.
बाक असं असावं की माणसानं त्यावर बसावं,
या एका वाक्यासाठी मी समुद्र ओलांडून आले.
आणि कितीही अंश मोजले, कितीही बेरजा केल्या,
तरी 'आहे'च्या पोटातून 'असावं' आपसूक बाहेर येत नाही.
मध्ये कुणाला तरी उभं राहावं लागतं.

हे मी बोलले नाही.
म्हणाले, आणखी दोन आठवडे द्या.

मग परवानगी काढून
बाकावर हिरवी जाळी बांधली, चार बांबू, चार दिवस.
माझा सिद्धान्तच म्हणा ना, सुतळीनं आवळलेला.
त्यांनी तिला डबे अडकवले,
एकानं बनियन वाळत घातलं,
आणि सगळे जाऊन उभे राहिले
खांबाच्या सावलीत.

पाचव्या दिवशी विचारलं.
(हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही,
हा वेगळा प्रबंध होईल.)
याकूब हमदुले, गाव मंडणगडकडचं,
गळ्यातल्या पंचानं मान पुसत म्हणाले,
"जाली झकास हाय, बाय.
पन जालीखाली बसलेला मानूस डायवरला दिसत नाय.
मागल्या थांब्याला छप्पर हाय ना,
तिथं बस थांबतच नाय.
खांबाशी उभं राह्यलं की दिसतं, मानसं हायेत."

म्हणजे सावली हा प्रश्नच नव्हता,
निदान पुरता नव्हता.
मी उष्णता मोजत होते,
ते दिसणं मोजत होते,
आणि त्यांचं उपकरण माझ्यापेक्षा जुनं होतं.

रात्री वहीत लिहिलं :
जाळी चुकली म्हणून हे कळलं.
जर ती बांधलीच नसती,
तर कळलं नसतं.
खाली कंसात : संकेतार्थ.
मग तो शब्द खोडला. मग पुन्हा लिहिला.
डॉक्टर हनान यांना काय सांगायचं ते अजून ठरत नाही.
दहा बाकं निघतील, हे खरंच आहे.
पण दहांपैकी कुठल्या बाकावरचा माणूस ड्रायव्हरला दिसतो,
हे तर कुणालाही येऊन तपासता येईल.
एवढ्यानं शास्त्र होतं का?
मला वाटतं, होतं.
मला वाटतं, हे वाक्य मात्र प्रबंधात चालणार नाही.

आज बांबू सोडायला गेले होते.
बस उशिरा होती. मी रांगेत शेवटी उभी राहिले, दहावी,
जिथं खांबाची सावली संपते.
कुठूनसा एक पोरगा आला,
हातांना ग्रीस, ओठांवर जेमतेम मिसरूड,
खांबाची सावली भरलेली पाहून क्षणभर घुटमळला
आणि माझ्या सावलीत येऊन उभा राहिला.
वही पिशवीत होती.
काढायची तर वाकावं लागलं असतं.